दत्तारामाची चक्कर

दत्तारामाचं माडावरचं आयुष्य ज्या सकाळी संपलं, त्या सकाळी वारासुद्धा नव्हता.

पावस गावाच्या अलीकडे, रस्त्याच्या खालच्या अंगाला लिमयेकाकांची बाग आहे. वरच्या कातळावर हापूसची कलमं, आणि खाली खाडीच्या बाजूला माड. त्या माडांचे नारळ दत्ताराम उतरवायचा. त्याच्याआधी त्याचा बाप उतरवायचा. बाप गेला तेव्हा दत्तारामाला मिसरूडही फुटलं नव्हतं. लिमयेकाकांच्या वडलांनी बापाचा कोयता आणि पायात अडकवायचं दोराचं कडं त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "चढ." तो चढला. तेव्हापासून चढतच होता. आसपासच्या चार वाड्यांत माडावर चढणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. पोरं मुंबईला गेली, राहिली ती रिक्षा चालवायला लागली. त्यामुळे दत्तारामाला सगळीकडून बोलावणी, आणि नाही म्हणायची सवय त्याच्या जिभेला कधी लागलीच नव्हती.

दिवाळी होऊन महिना झाला असेल. तीन-चार माड उतरवून तो पुढच्यावर चढला होता. शेंड्याला पोचला, झावळीच्या बुंध्यावर एक मांडी टाकली, डाव्या हाताने माडाला मिठी मारली आणि मागच्या अंगाची नारळांची पेंड तयार झाली का बघायला त्यानं मान वर केली.

आणि माड फिरला.

हलला असता तर त्याला काहीच वाटलं नसतं. माड हलतोच. वाऱ्यात शेंडा इकडून तिकडे जातो, त्याबरोबर आपणही जायचं, हे दत्तारामाच्या अंगाला ठाऊक होतं. पण हा हलला नाही, फिरला. जात्याची वरची तळी फिरावी तसा गरगर, आणि त्याबरोबर आभाळ, झावळ्या, खाडी, लिमयेकाकांचं कौलारू घर, सगळं एका बाजूला ओढलं जायला लागलं. त्यानं डोळे मिटले तर फिरणं आणखी वाढलं. हातातला कोयता कधी सुटला ते कळलंच नाही. खालून काकांचा आवाज आला, "अरे, कोयता काय टाकतोस? कोणाचं डोकं फुटलं असतं!"

 दत्तारामानं दोन्ही हातांनी माडाला कवटाळलं, गाल सालीला लावला आणि तसाच राहिला. सालीचा खरखरीतपणा गालाला लागत होता, छातीला माड लागत होता, तळव्यांना खाच लागत होती. ते सगळं सांगत होतं की तू जागच्या जागी आहेस. आणि डोक्यातलं काहीतरी सांगत होतं की तू पडतो आहेस. कोणाचं खरं मानायचं?

थोड्या वेळानं फिरणं आपोआप थांबलं. त्यानं खाली बघायला मान वाकवली, परत सुरू झालं. तेव्हा त्याला कळलं की मान ताठ ठेवली तर जमतंय. मग त्यानं काठी गिळल्यासारखी मान ताठ ठेवली, डोळे समोरच्या सालीवर लावले आणि तळव्यांनी एकेक खाच चाचपत खाली आला. जमिनीवर पाय टेकले. माडाच्या मुळाशी बसून त्यानं सकाळचा चहा ओकून टाकला.

लिमयेकाका खुर्चीतून उठून आले. चिडायला आले होते, पण त्याचा चेहरा बघून नुसते उभे राहिले. "दत्ताराम, काय होतंय रे?"

"काय नाय, काका. जरा फिरल्यासारखं झालं."

"बस, बस तू. आज नको काही."

दुसऱ्या दिवशी पहाटे अंथरुणात तो उजव्या कुशीवर वळला, आणि छप्पर फिरलं.

त्यानंतर सगळ्यांची वैद्यकी सुरू झाली. त्याची बायको बकुळा म्हणाली, "पित्त आहे. चहावर चढता, दुपारपर्यंत पोटात काय जात नाय." तिनं कोकमाचं सरबत, आल्याचा रस, साखर-जिरं असं सगळं करून पाहिलं. गावातल्या डॉक्टरांनी दाब मोजला, तो बरा निघाला, तरी त्यांनी बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की दिवसभर गुंगी यायची. शेजारणीनं मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. गुरवानं देवीपुढं गाऱ्हाणं घातलं. मुलगा दीपेश मुंबईला, कुरिअरच्या गोदामात. तो फोनवर म्हणाला, "बाबा, हे मानेचं असणार. आमच्या सुपरवायझरला असंच झालेलं." आणि त्यानं मानेचा पट्टा पाठवून दिला.

पट्टा घातल्यावर दत्तारामाला खरंच बरं वाटलं. मग सगळ्यांची खात्री पटली की दुखणं मानेचंच. तो पट्टा घालून ओटीवर बसायला लागला. रस्त्यानं जाणारे येणारे थांबून विचारपूस करत. "अजून हाय काय चक्कर?" "हाय थोडी." एवढंच बोलणं, मग ते जात.

आणि तिथं बसल्या बसल्या दत्तारामाला एक गोष्ट कळायला लागली. ती तो कोणाला बोलला नाही.

पहिल्यांदा गुडघे शांत झाले. वर्षानुवर्षं सकाळी उठताना गुडघ्यांत कळ यायची, ती त्यानं दुखणं म्हणून कधी मोजलीच नव्हती. सकाळ म्हटली की कळ, जसं सकाळ म्हटली की कोंबडा. एक दिवस तो उठला आणि कळ आलीच नाही. मग छातीवरचे ओरखडे सुकले, खपल्या पडल्या आणि खाली नवी कातडी आली, गुळगुळीत, दुसऱ्या कोणाची असावी तशी. पावलाच्या वरच्या बाजूला दोराच्या कड्यानं पडलेला घट्टा मऊ झाला. दुपारी जेवून तो आडवा व्हायचा, आधी गोळ्यांच्या गुंगीनं, नंतर गोळ्या संपल्या तरी. झोप अशी यायची की कोणीतरी आत साठवून ठेवली होती.

आणि सगळ्यात शेवटी त्याला कळलं की सकाळी उठल्यावर पोटात जो एक गोळा असायचा तो नाहीसा झाला आहे. तो गोळा भीतीचा होता. चाळीस वर्षं तो रोज सकाळी भ्यायला होता. पोटात गोळा घेऊन कडं खांद्याला अडकवायचं, चहा प्यायचा, निघायचं. वर गेल्यावर भीती वाटायची नाही, हात कामात असायचे. भीती सकाळीच, चुलीपाशी बसल्यावर. ती भीती आहे हेही त्याला ठाऊक नव्हतं. बकुळेसारखाच तोही म्हणायचा, पित्त आहे.

इकडे घर बकुळेच्या अंगावर आलं होतं. पावसला देवदर्शनाला येणाऱ्या लोकांसाठी एका बाईंनी घरगुती खानावळ घातली आहे, तिथं बकुळा दुपारी भाकऱ्या भाजायला जायची. फाल्गुन लागला तशी ती सकाळी आंब्याच्या पॅकिंगलाही जायला लागली. पहाटे उठून घरचं आवरायचं, शेडवर जाऊन आंबे निवडायचे, पेंढा घालून पेटीत लावायचे, तिथून तशीच खानावळीत. संध्याकाळी परत यायची तेव्हा हातांना आंब्याचा चीक आणि तव्याचे चटके दोन्ही असायचे. तरी आल्यावर ती आधी त्याला विचारायची, "आज कसं होतं?" आणि रात्रीच्या भाकरीला बसण्याआधी त्याच्या टाळूवर तेल घालायची. तेल थाप थाप मुरवताना तिचे हात मंद व्हायचे, कधी थांबायचे. मागं वळून बघितलं की ती बसल्या जागी डुलक्या घेत असायची. तो हळूच मान काढून घ्यायचा.

खानावळीच्या बाईंनीच एक दिवस बकुळेला सांगितलं, "अगो, माझ्या जावेला अगदी असंच व्हायचं. कूस बदलली की घर फिरायचं. रत्नागिरीत कानाच्या डॉक्टरीण आहेत, त्यांनी बरं केलं. औषधसुद्धा दिलं नाही."

"कानाच्या?" बकुळा म्हणाली. "यांचे कान तर लख्ख आहेत."

तरी तिनं एक दिवसाची सुट्टी मागितली आणि दत्तारामाला घेऊन निघाली. एसटीत तो खिडकीची सळी धरून बसला. त्या रस्त्याला वळणं किती आहेत हे त्याला त्या दिवशी कळलं. प्रत्येक वळणाला बकुळा त्याच्या मांडीवर हात दाबायची.

डॉक्टर मृणाली दीपेशच्या वयाची होती. तिनं आधी पट्ट्याकडे बघितलं.

"हा कोणी सांगितला, काका?"

"मुलग्यानं धाडला."

"बरं वाटलं का घालून?"

"वाटलं."

"वाटणारच," ती हसली. "मान हलली नाही तर चक्कर येणार कुठून? काढा तो. आता मला सांगा, नुसते बसलेले असताना येते?"

"नाय. उजव्या कुशीवर वळलो की येते. वर बघितलं की येते."

"खूप वेळ टिकते?"

"टिकत नाय. पण तेवढ्यात जीव जातो."

तिनं त्याला उंच खाटेवर बसवलं, मान उजवीकडे वळवली, दोन्ही हातांत डोकं धरलं आणि म्हणाली, "आता मी तुम्हाला पटकन मागे निजवणार आहे. चक्कर येईल. घाबरू नका, डोळे मात्र उघडे ठेवायचे, काही झालं तरी." आणि निजवलं. डोकं खाटेच्या कडेवरून खाली लोंबलं. क्षणभर काही झालं नाही. मग भिंत, पंखा, डॉक्टरीण सगळं गरगरायला लागलं. त्यानं खाटेची कड घट्ट पकडली.

"काकी, इकडे या," डॉक्टर म्हणाली. "यांचे डोळे बघा."

बकुळा वाकली. नवऱ्याची बुबुळं जाग्यावर ठरत नव्हती. एका बाजूला हळू सरकत होती आणि झटका देऊन परत येत होती, पुन्हा पुन्हा, गळाला लागलेल्या माशासारखी. "अगो बाई!" तिनं तोंडावर हात घेतला. "हे काय होतंय?"

"हे ते करत नाहीत. त्यांचा कान करतोय."

सगळं शांत झाल्यावर डॉक्टरनं त्याला उठवून बसवलं आणि स्टूल ओढून समोर बसली. तिच्याकडे बाहेर माणसं थांबलेली होती, तरी ती बसली.

"काका, आपण उभे आहोत की पडतोय, हे मेंदूला तिघं जण सांगतात. एक डोळे. दुसरे पायाचे तळवे आणि सांधे, अंगावर कुठे भार पडतोय ते त्यांना कळतं. आणि तिसरा कान. ऐकायच्या कानाच्याही आत तीन वाकड्या नळ्या आहेत, पाण्यानं भरलेल्या. त्यात केसांपेक्षा बारीक तंतू उभे असतात. तुम्ही डोकं वळवलंत की पाणी जरा मागे राहतं, तंतू वाकतात, आणि मेंदूला निरोप जातो, डोकं वळलं. डोकं थांबलं, पाणी थांबलं, तंतू सरळ. निरोप बंद."

"होडीत घागर ठेवली की पाणी हिंदकळतं तसं," बकुळा म्हणाली.

"तसंच. आता त्या नळ्यांच्या शेजारी एक गादी आहे. तिच्यावर चुन्याचे कण चिकटलेले असतात, पिठाएवढे बारीक."

"चुना? पानाला लावतो तो?" दत्तारामानं विचारलं.

"त्याच जातीचा, पण तुमच्या अंगातच तयार झालेला. त्या कणांच्या वजनामुळे कळतं, खाली कुठे आणि वर कुठे. वय झालं, डोक्याला मार लागला, कधी काही न होताही त्यातले थोडे सुटतात आणि नळीत जाऊन पडतात. मग तुम्ही मान वर केलीत की ते घरंगळतात. डोकं थांबलं तरी ते घरंगळतच असतात, पाणी ओढतात, तंतू वाकवतात. कान ओरडून सांगतो, फिरतोय, फिरतोय. डोळे आणि पाय म्हणतात, नाही. तिघांचं भांडण लागतं आणि तुम्हाला ओकारी येते."

 माडावर गाल टेकवून बसलेला असताना जे भांडण दत्तारामानं आत ऐकलं होतं, ते या पोरीनं न बघता सांगितलं होतं.

"मग आता?" बकुळेनं विचारलं.

"आता ते कण आले त्या वाटेनं परत पाठवायचे."

तिनं त्याला पुन्हा निजवलं. चक्कर आली, थांबली. मग तिनं डोकं हळूच डावीकडे वळवलं, धरून ठेवलं. मग त्याला कुशीवर केलं, नाक जमिनीकडे. मग उठवून बसवलं, हनुवटी खाली. प्रत्येक वेळी थांबत होती, लहान मुलाला पाळण्यात ठेवताना थांबावं तशी. थोड्या वेळानं पुन्हा पहिल्यासारखं निजवून बघितलं. दत्तारामानं कड पकडली, दात आवळले आणि वाट बघितली.

पंखा जागच्या जागी होता.

"आजची रात्र दोन उशा घेऊन निजा," ती म्हणाली. "आठ-दहा दिवसांनी दाखवून जा. परत कधी झालं तर घाबरायचं नाही, परत असंच करायचं."

बाहेर रस्त्यावर आल्यावर बकुळेच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा, औषध नाय, सुई नाय. देवच भेटला." तिनं रामआळीच्या बाजारातून त्याच्यासाठी अर्धा डझन केळी घेतली, दुसरं काही सुचलं नाही म्हणून. परतीच्या एसटीत ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. दत्तारामानं हळूच मान मागं टेकवली आणि गाडीच्या छताकडे बघितलं. काही नाही. उजवीकडे वळवली. काही नाही. सगळं जिथल्या तिथं होतं.

त्याला आनंद व्हायला हवा होता.  त्याऐवजी पोटात, बऱ्याच दिवसांनी, तो गोळा परत आला.

घरी उतरल्यावर बकुळेनं विचारलं, "आता वाटतं ना बरं?"

"आहे थोडी अजून," तो म्हणाला.

खोटं बोलायचं त्यानं ठरवलं नव्हतं. तोंडून गेलं. गेल्यावर ते परत घेता आलं असतं, पण दुसऱ्याच दिवशी लिमयेकाकांचा निरोप आला की माडांवर नारळ वाळून आपोआप पडतायत, गड्याच्या पाठीत बसता बसता राहिला, दत्तारामाला जमेल का? आणि बकुळेनंच परस्पर सांगून टाकलं, "नाय हो, अजून थोडी आहे त्यांना."

मग ते निभवावं लागलं. उठताना भिंतीला हात लावायचा. कुशीवर वळताना थांबायचं. पट्टा त्यानं परत घातला. ओटीवर बसून राहणं आता पहिल्यासारखं सुखाचं राहिलं नाही. दुपारची झोप उडाली. बकुळा संध्याकाळी यायची आणि तेल घालायची, आणि ते बोटांचे घट्टे टाळूवर फिरताना त्याला वाटायचं, आता सांगावं. मग तिचे हात मंद व्हायचे. तिनं सोमवार धरले. त्याच्यासाठी खानावळीतून शिऱ्याची वाटी झाकून आणायला लागली, स्वतःच्या वाट्याची. ती वाटी तो तशीच परत झाकून ठेवायचा.

"परत दाखवायला जायचं ना," ती म्हणायची. "आठ दिवस कधीच होऊन गेले."

"जाऊ गो. तुझी पॅकिंगची घाई सरू दे."

"ती काय सरते? मी घेत्ये सुट्टी."

आणि तिनं घेतली. चैत्राची उन्हं तापली होती. डॉक्टरकडे या खेपेला गर्दी नव्हती. मृणालीनं त्याला ओळखलं, पट्टा बघून भुवई उडवली. "अजून होतंय?"

"होतंय थोडं."

"बघूया."

तिनं मान वळवली आणि त्याला मागं निजवलं. डोकं खाटेच्या कडेवरून लोंबलं. बकुळा आपण होऊन पुढं आली. गेल्या खेपेला शिकली होती. तिनं वाकून नवऱ्याच्या डोळ्यांत बघितलं.

बुबुळं शांत होती. पाणी न हललेल्या विहिरीसारखी. त्यात तिला स्वतःचा चेहरा दिसत होता.

डॉक्टरनं वाट बघितली. दुसऱ्या बाजूनं करून बघितलं, परत पहिल्या बाजूनं केलं. मग म्हणाली, "काका, कण गेलेत. गेल्याच खेपेला गेले असणार. आता काही नाही."

"मग यांना होतंय ते काय?" बकुळेनं विचारलं. तिनं डॉक्टरकडे बघून विचारलं नाही. ती अजून त्याच्यावरच वाकलेली होती.

दत्ताराम उलटा लोंबत होता. जीभ खोटं बोलली होती, भिंतीला लावलेला हात खोटं बोलला होता, पण डोळ्यांना ते जमलं नव्हतं. छताकडे बघत तो म्हणाला, "दमलोय."

बकुळा सरळ उभी राहिली.

"मी दमलोय गो. चक्कर नाय. चक्कर तेव्हाच गेली. मला आता चढवत नाय. हात चढतील, पाय चढतील. मलाच नाय चढवत."

डॉक्टरनं त्याला हात देऊन उठवून बसवलं. तिला काही तपासायचं राहिलं नव्हतं. तिनं टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "हे माझ्याकडे सांगायचं नव्हतं, काका. यांच्याकडे सांगायचं होतं. पण सांगितलंत ते बरं झालं." पैसे तिनं घेतले नाहीत.

बकुळा पुढं चालत गेली. स्टँडवर पोचली, बाकावर बसली, पदर चेहऱ्यावर ओढून घेतला. दत्ताराम येऊन शेजारी बसला. पट्टा त्यानं हातात धरला होता.

"बकुळा."

"बोलू नका माझ्याशी."

पावसची गाडी लागली, ती चढली, खिडकीशी बसली. अर्धा रस्ता होईपर्यंत तिनं बाहेरच बघितलं. मग एकदम वळून, गाडीत ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "आणि मी? मी नाय दमले?"

पुढच्या बाकावरच्या बाईनं मागं वळून बघितलं.

"मी पहाटे उठत्ये. शेडवर उभी असत्ये. तिथून भाकऱ्या. तव्यापुढं उभी असताना मला वाटतं, इथंच आडवं व्हावं, तव्याच्या कडेला. पण घरी तुम्ही आजारी. मी म्हटलं, यांना बरं वाटू दे, मग आपण बघू. मी सोमवार धरले हो तुमच्यासाठी!"

 दत्तारामाच्या मनात आलं की ही म्हणते ते खरं आहे, आणि आपण म्हणालो तेही खरं आहे, आणि दोन्ही खरं असून घरात चूल पेटवायला कोणीतरी उठावंच लागणार आहे. तो एवढंच म्हणाला, "तुला विचारायला हवं होतं. मी विचारलंच नाय."

"नाय विचारलंत," ती म्हणाली आणि परत खिडकीकडे वळली.

चार-पाच दिवस ती कामापुरतं बोलली. तेल घातलं नाही. दत्ताराम दुसऱ्याच दिवशी उठून लिमयेकाकांकडे गेला. पट्टा न घालता गेला.

"काका, माझी चक्कर बरी झाली. पण मी आता माडावर चढणार नाय."

काकांनी पेपर खाली ठेवला. "भीती बसली का रे?"

"भीती पहिल्यापासून होती. आता ती बाळगायला अंगात जोर नाय."

 काका स्वतः ऐंशीच्या घरात आले होते, मुलं पुण्याला. "गोळपचा एक जण यंत्र लावून चढतो म्हणतात," ते म्हणाले. "त्याला बोलावतो. पण उतरवलेले नारळ सोलणार कोण? कलमांना पाणी कोण घालणार? ते करशील?"

"ते करीन. खाली राहून जे असेल ते करीन."

त्याला पहिल्याएवढी मजुरी मिळणार नव्हती, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. घरी येऊन त्यानं बकुळेला सांगितलं. ती विळीवर कैरी चिरत होती, मान वर न करता म्हणाली, "मग मीही एक सांगत्ये. पुढच्या सालापासून मी शेड नाय तर खानावळ, दोन्हीतलं एकच करणार. दोन्ही नाय."

"बरं," दत्ताराम म्हणाला.

"भागणार नाय त्यात."

"नाय भागणार. दीपेशला सांगू."

"त्याचंच त्याला पुरत नाय."

"नाय पुरत," तो म्हणाला. 

गोळपचा माणूस आला, यंत्र लावून चढला. दत्ताराम खाली माडांच्या सावलीत नारळ सोलत बसला. जमिनीत रोवलेल्या टोकदार लोखंडावर नारळ दाबायचा, पिळायचा, वरचं काथ्याचं सोडण उकलायचं. त्यानंही खांदे दुखायचे, संध्याकाळी मनगटं भरून यायची. पण ते दुखणं जमिनीवरचं होतं. वरून नारळ धपाधप पडत होते. तो माणूस वरून ओरडून विचारायचा, "ही पेंड काढू काय?" आणि दत्ताराम मान वर करून बघायचा, माड जागच्या जागी असायचा, आणि सांगायचा, "नको, ती पुढच्या खेपेला."

वैशाखात शेडवरचं काम आटोपत आलं. एका रविवारी खानावळही बंद होती, बाई लग्नाला गेल्या होत्या. बकुळा घरी होती. सकाळभर तिनं कोकमं फोडून आमसुलं घातली, अंगणात चटईवर पसरली, आणि हात लालेलाल घेऊन दारात बसली. दत्ताराम बागेतून आला होता. ती म्हणाली, "जरा चहा टाकता का?" लग्न झाल्यापासून तिनं हे कधी म्हटलं नव्हतं.

तो आत गेला. साखरेचा डबा कुठला ते बघायला त्याला वेळ लागला. दूध उतू गेलं, ते त्यानं फडक्यानं पुसलं. चहा आणून दिला. तिनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"किती साखर घातलांत हो!"

"जास्त झाली?"

"बासुंदी झाल्ये." पण तिनं तो सगळा प्याला. कप बाजूला ठेवला, दाराच्या चौकटीला डोकं टेकवलं, आणि भर दुपारी, पाय अंगणात सोडून, बसल्या जागी झोपली. तोंड जरासं उघडं पडलं. लाल हात मांडीवर उताणे पडले होते.

चटईकडे कोंबड्या सरकायला लागल्या होत्या. दत्ताराम ओरडला नाही. तो उठला, हातात काटकी घेतली आणि उन्हात चटईपाशी जाऊन उभा राहिला.